रिझल्ट राखीव

मॅमोग्राफी हा काही आपल्या हॉस्टेलवर रोज ऐकू येणारा शब्द नाही. आपल्याकडचे नेहमीचे आजार म्हणजे मेसच्या रश्श्याने बिघडलेले पोट आणि सबमिशनच्या आठवड्यातले जागरण! पण मित्र-मैत्रिणींनो, जरा हिशेब करा. आपण वीस-एकवीस वर्षांचे, म्हणजे आपल्या आया पंचेचाळिशी-पन्नाशीच्या आसपास. याच वयात स्तनाची एक्स-रे तपासणी, म्हणजे मॅमोग्राफी, करून घ्या असे डॉक्टर सुचवू लागतात. आणि ती केलेल्यांपैकी काही जणींना थोड्या दिवसांत निरोप येतो, "मॅडम, अजून एक-दोन टेस्ट कराव्या लागतील, परत या." हा निरोप आला की घरात काय होते, ते मी गेल्या वर्षी जवळून पाहिले. त्या निरोपाचा नेमका अर्थ काय, आणि पुढची तारीख येईपर्यंतचे दिवस कसे काढायचे, एवढेच या लेखात सांगायचे आहे. स्टाफमधल्या मॅडम हे वाचत असतील तर त्यांनी 'आई'च्या जागी स्वतःला धरून वाचावे.

मुलांनी इथेच पान उलटू नये. 'बायकांचा विषय' म्हणून बाजूला ठेवलेली गोष्ट शेवटी घरातल्या एकाच बाईला एकटीने निस्तरावी लागते. आमच्या घरी 'स्तन' हा शब्द कधी कुणी उच्चारल्याचे मला आठवत नाही. आई 'छातीचा फोटो' म्हणायची, बाबा 'ती तपासणी' म्हणायचे. मलाही फोनवर तो शब्द सरळ उच्चारायला दोन दिवस लागले. एकदा उच्चारला, आणि मग सगळ्यांनाच बोलणे सोपे झाले.

आधी यंत्राविषयी. शेवटी आपण इंजिनिअर! छातीच्या साध्या एक्स-रेला शंभराच्या वर किलोव्होल्ट वापरतात, मॅमोग्राफीला साधारण २५ ते ३५. याचे कारण असे की स्तनात हाड नसते. तिथे मुख्यतः चरबी आणि दुधाच्या ग्रंथींचा भाग, आणि दोन्हींमधला फरक एक्स-रेच्या दृष्टीने फार थोडा. तो फरक कमी ऊर्जेच्या किरणांना जास्त चांगला टिपता येतो. फोटोत चरबी काळपट दिसते, ग्रंथींचा भाग पांढरा. पंचाईत ही की कॅन्सरची गाठसुद्धा पांढरीच दिसते. ज्यांच्यात ग्रंथींचा भाग जास्त (तरुण वयात तो जास्तच असतो) त्यांच्या फोटोत गाठ शोधणे म्हणजे पांढऱ्या भिंतीवर खडूचा ठिपका शोधणे.

फोटो घेताना स्तन दोन सपाट पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबून धरतात. "पापडाच्या प्रेसमध्ये घातल्यासारखं वाटतं," असं आईचं वर्णन. दाबण्याचा उद्देश चांगला आहे. जाडी कमी झाली की किरण कमी लागतात, त्यांचे विखुरणे कमी होते आणि फोटो हलत नाही. दोन्ही बाजूंच्या मिळून चार फोटोंचा डोस साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट. निसर्गातूनच माणसाला जगभरच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळत असतो. म्हणजे या तपासणीचा डोस साधारण दोन महिने नुसते जगण्याइतका. परत बोलावल्यावर आणखी दोन-चार फोटो काढले तर 'एवढे किरण!' म्हणून घाबरणाऱ्यांसाठी हा आकडा मुद्दाम दिला.

आता फर्स्ट इयरचे इंजिनिअरिंग ड्रॉइंग आठवा (माफ करा, आठवण करून दिल्याबद्दल). मॅमोग्राफीत प्रत्येक बाजूचे दोन व्ह्यू घेतात. एक वरून खाली, एक तिरका बाजूने. त्रिमितीय वस्तूची सावली सपाट फिल्मवर पडते, त्यामुळे पुढचे-मागचे सगळे एकावर एक येते. दोन अगदी निरोगी पदर एकमेकांवर पडले तरी गाठीसारखा आकार दिसू शकतो. दोन व्ह्यूंवरून जॉबचा आकार कळला नाही की ड्रॉइंगच्या पेपरात आपण ऑक्झिलरी व्ह्यू काढतो. रेडिओलॉजिस्टही तेच मागतो. 'मला या जागेचा अजून एक व्ह्यू हवा.' परत बोलावण्याची बरीचशी कारणे या एका वाक्यात बसतात.

बाकीची कारणेही बहुतेक साधीच. डाव्या-उजव्या बाजूत थोडा फरक दिसला. पाण्याची गाठ असावी असे वाटले. कॅल्शियमचे बारीक पांढरे कण दिसले. हे कण वयोमानाने खूप जणींत असतात आणि बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, पण फार बारीक, वेडेवाकडे आणि एकाच जागी घोळक्याने असले तर नीट पाहावे लागतात. किंवा पहिलीच मॅमोग्राफी असल्याने तुलनेला जुना फोटो नाही. पहिल्या वेळी परत बोलावण्याचे प्रमाण जास्त असते ते म्हणूनच. आणि एक गंमत म्हणजे, काखेत लावलेली टाल्कम पावडर किंवा डिओडरंट यांचे कणसुद्धा फोटोत कॅल्शियमसारखे दिसू शकतात. त्या दिवशी पावडर लावून जाऊ नये, हे आपल्या आयांना आवर्जून सांगा. "बाहेर जायचं आणि पावडर नाही?" असं उत्तर मिळेल. तरी सांगा.

आता आमच्याकडची गोष्ट. घर वाईला. आईला काहीही तक्रार नव्हती, हाताला गाठ लागली नव्हती. मावशीने फारच मागे लागून महिला दिनाच्या सवलतीत तिला साताऱ्याच्या एका सेंटरमध्ये नेलं. तीन दिवसांनी रिपोर्टचं पाकीट हातात दिलं आणि "परत यावं लागेल, डॉक्टरांना दाखवून घ्या" एवढंच काउंटरवरून सांगितलं. रिपोर्टच्या तळाशी लिहिलेलं होतं, बाय-रॅड्स झिरो. बस्स. त्याचा अर्थ सांगायला कुणी नाही.

मग घरच्या घरी अर्थ लावणे सुरू झाले. बाबा म्हणाले, "झिरो म्हणजे काहीच नाही. चांगलंच आहे की!" काकांचं मत, झिरो म्हणजे सगळ्यात खालचा, म्हणजे फार वाईट. माझ्या रूममेटला झिरो म्हटल्यावर बॅकलॉगशिवाय दुसरे काही सुचले नाही. तिघांचेही चूक!

बाय-रॅड्स ही अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने ठरवलेली, रिपोर्ट एकसारखे लिहिण्याची पद्धत आहे. तिच्यात ० ते ६ असे वर्ग आहेत. १ म्हणजे काही आढळले नाही. २ म्हणजे काहीतरी आहे पण निरुपद्रवी. ३ म्हणजे बहुधा निरुपद्रवी, कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नाही. ४ म्हणजे बायोप्सी करावी इतपत संशय. हा वर्ग फारच ऐसपैस आहे, २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत, म्हणून त्याचे पुन्हा ए, बी, सी असे भाग करतात. ५ म्हणजे दाट संशय, आणि ६ म्हणजे बायोप्सीने आधीच सिद्ध झालेले. मग शून्य कुठे? शून्य या रांगेत बसतच नाही. एकच्या खालचा तो नंबर नव्हे. 'माहिती अपुरी, मूल्यमापन अजून पूर्ण नाही' एवढेच तो सांगतो. आपल्या युनिव्हर्सिटीच्या भाषेत सांगायचे तर रिझल्ट राखीव! पास नाही, नापास नाही. मार्कशीट यायची आहे. मी फोनवर हे असं सांगितल्यावर आई पहिल्यांदा हसली. ती शाळेत शिक्षिका आहे, राखीव निकाल तिला चांगलाच कळतो.

पण नुसत्या शब्दाने रात्रीची झोप लागत नाही. मनातला खरा प्रश्न असतो, 'परत बोलावलेल्यांपैकी किती जणींना खरंच कॅन्सर निघतो?' इथे आपले प्रोबॅबिलिटीचे लेक्चर उपयोगी पडते. डेव्हिड एडी नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९८२ मध्ये एक उदाहरण प्रसिद्ध केले होते. समजा, काही तक्रार नसलेल्या बायकांत कॅन्सरचे प्रमाण १ टक्का आहे. कॅन्सर असेल तर मॅमोग्राम ८० टक्के वेळा संशय दाखवतो. कॅन्सर नसेल तरी ९.६ टक्के वेळा उगाच संशय दाखवतो. आता एखादीच्या फोटोत संशय दिसला, तर तिला कॅन्सर असण्याची शक्यता किती? हा प्रश्न त्याने डॉक्टरांनाच घातला, आणि बहुतेकांनी उत्तर दिले, सुमारे ७५ टक्के.

बेझचे सूत्र बाजूला ठेवा, डोकी मोजा. हजार बायका. त्यातल्या दहा जणींना कॅन्सर, पैकी आठ पकडल्या गेल्या. उरलेल्या ९९० निरोगी, पण त्यांतल्या ९५ जणींच्या फोटोतही संशय. म्हणजे एकूण संशय १०३ जणींचा, त्यांत खऱ्या आठ. आठ भागिले एकशे तीन, म्हणजे ८ टक्क्यांनाही थोडे कमी! डॉक्टरांच्या उत्तराच्या जवळजवळ एक-दशांश. चुकीचे कारणही उघड आहे. मूळ प्रमाण किती लहान आहे हे माणूस विसरतो.

हा झाला कागदावरचा हिशेब. प्रत्यक्षातले आकडे देशागणिक बदलतात. अमेरिकेत तपासणी केलेल्या शंभरातल्या साधारण दहा जणींना परत बोलावतात, आणि त्यांतल्या दहात एकीपेक्षाही कमी जणींना कॅन्सर निघतो. ब्रिटनमध्ये १९८८ पासून सरकारी कार्यक्रम आहे. पन्नाशीनंतर एकाहत्तरीपर्यंत दर तीन वर्षांनी बोलावणे येते. तिथे शंभरात फक्त चार जणींना परत बोलावतात, पण त्या चारांत एकीला कॅन्सर असतो.

असा फरक का? ई अँड टीसीवाल्यांनी हात वर करावा. थ्रेशोल्ड! रडारच्या पडद्यावरचा ठिपका विमान की नुसता नॉइज, हे ठरवताना थ्रेशोल्ड खाली आणला तर विमान सुटत नाही, पण फॉल्स अलार्म वाढतात. वर नेला तर अलार्म कमी होतात, पण एखादे विमान निसटते. आरओसी कर्व्हमधले 'रिसीव्हर' हे नाव त्या रडारच्या काळातलेच आणि साठच्या दशकात हीच कल्पना एक्स-रे वाचनाला लावली गेली. मॅमोग्राम वाचणाऱ्याने थ्रेशोल्ड मुद्दाम खाली ठेवलेला असतो. फॉल्स अलार्मची किंमत म्हणजे एका घराचे काही वाईट दिवस. सुटलेल्या कॅन्सरची किंमत त्याहून कितीतरी मोठी. आपल्या आईला परत बोलावले जाते ते बऱ्याचदा या हिशेबापायी.

मात्र दोन गोष्टी इथे ठळक सांगायला हव्यात. पहिली, वरचे सगळे आकडे काहीच लक्षण नसताना केलेल्या तपासणीचे आहेत. हाताला गाठ लागते आहे, त्वचेला खळी पडली आहे, निपल आत ओढले गेले आहे किंवा त्यातून रक्त येते आहे म्हणून मॅमोग्राफी केली असेल, तर हा हिशेब लावून निवांत बसू नये. तिथे मूळ प्रमाणच वेगळे. दुसरी, मॅमोग्राम सगळे कॅन्सर पकडत नाही. रिपोर्ट चांगला आला आणि नंतर गाठ लागली, तर रिपोर्टवर विसंबू नये.

आकडे परदेशातले का दिले, असे कुणी विचारेल. आपल्याकडे सगळ्या बायकांना मॅमोग्राफीसाठी बोलावणारा राष्ट्रीय कार्यक्रमच नाही. २०१६ च्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत तिशीनंतर दर पाच वर्षांनी प्रशिक्षित व्यक्तीने हाताने केलेली तपासणी सांगितली आहे. या हाताच्या तपासणीविषयीचे एक मोठे काम मुंबईतच झाले. टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींना प्रशिक्षण दिले आणि त्यांनी दर दोन वर्षांनी तपासणी केली. २०२१ मध्ये निष्कर्ष आले. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांत मात्र तसा फायदा दिसला नाही. महागडे यंत्र नसतानाही एवढे होऊ शकते, हे मला फार महत्त्वाचे वाटते. भारतीय बायकांमध्ये हाच कॅन्सर सर्वांत जास्त आढळतो. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण.

असो. परत बोलावल्यावर तिथे होते काय? आधी संशयाच्या जागेचे वेगळे फोटो. तेवढाच भाग दाबून, किंवा मोठा करून. काही ठिकाणी टोमोसिंथेसिस असते. त्यात यंत्र कमानीसारखे फिरत अनेक कोनांतून फोटो घेते आणि संगणक त्यांचे पातळ थर वेगळे करतो. ड्रॉइंगवाल्यांनी सेक्शनल व्ह्यू समजावा. अमेरिकेत त्याला २०११ मध्ये मान्यता मिळाली. त्यानंतर सोनोग्राफी. पाण्याची गाठ की भरीव गाठ, हे ती चटकन सांगते. बऱ्याच जणींचे प्रकरण इथेच, त्याच दिवशी मिटते. तरीही शंका राहिली तर बायोप्सी. जागा बधिर करून सुईने बारीक तुकडे घेतात आणि पॅथॉलॉजिस्ट ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. रिपोर्टला काही दिवस लागतात. 'सुई लावली की कॅन्सर पसरतो' ही आपल्याकडची घट्ट समजूत आहे. आमच्या शेजारच्या काकूंनी ती घरी येऊन आईला ऐकवली. तिला शास्त्रीय आधार नाही. उलट सुईने आधी निदान झाले तर काय ऑपरेशन करायचे, मुळात करायचे का, हे नीट ठरवता येते. बायोप्सी सांगितली म्हणजेही कॅन्सर ठरला असे नव्हे. बायोप्सी झालेल्यांतही बहुतेकींना कॅन्सर नसतो.

आता मधल्या दिवसांविषयी. खरी परीक्षा तीच. आमच्याकडे निरोप आणि तारीख यांच्यात नऊ दिवस होते.

पहिल्या दिवशी आईचा फोन, "अरे काही नाही, फोटो नीट आला नाही म्हणून परत बोलावलंय." अर्ध्या तासाने बाबांचा वेगळा फोन, हळू आवाजात, "तिला सांगू नकोस मी सांगितलं म्हणून, पण रिपोर्टमध्ये काहीतरी आहे." म्हणजे दोघेही एकमेकांना वाचवायला बघत होते आणि दोघेही एकेकटे घाबरत होते. मी बाबांना म्हटलं, "बाबा, तुम्ही दोघं एकत्र बसा, मी स्पीकरवर फोन करतो, रिपोर्ट माझ्यासमोर वाचा." त्या एका फोनने माझ्या मते निम्मे काम झाले. लपवलेली भीती दुप्पट होते. लपवणाऱ्याचीही आणि जिच्यापासून लपवली तिचीही. तिला कळतेच की.

आई पहाटे चारला उठून स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून घासत बसायची, असे बाबा सांगत होते. घासू दे म्हटलं. हाताला काम असलेलं बरं. शाळेला रजा टाकायचा विचार होता तो तिने स्वतःच सोडला. "घरी बसले तर छताकडे बघत बसेन, पोरांत डोकं तरी राहतं," ती म्हणाली. ज्यांना घरी राहावंसं वाटतं त्यांनी राहावं, सगळ्यांना एकच औषध नाही. रात्रीचा फोन मात्र आम्ही ठरवून ठेवला होता, साडेनऊला. आधी पाच मिनिटं तपासणीविषयी काय असेल ते, मग विषय बंद आणि मेसमध्ये आज काय होतं ते. ही पाच मिनिटांची मर्यादा तिला आवडली. दिवसभर मनात आलेले प्रश्न ती वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवायची, रात्रीसाठी.

"काही होणार नाही गं" हे वाक्य मात्र मी वापरलं नाही. ते कुणालाच माहीत नसतं आणि ऐकणारीला कळतं की हा आपलं तोंड बंद करतोय. त्यापेक्षा "अजून कळलेलं नाही, गुरुवारी जास्त कळेल, गुरुवारी मी आहे" हे खरं आहे आणि पुरतं. इंटरनेटवर शोधायचंच असेल तर रिपोर्टमधला नेमका शब्द घेऊन शोधावं, आणि घरातल्या एकाच माणसाने शोधावं. 'स्तन कॅन्सर' टाकून रात्री दोनला वाचत बसणाऱ्याला परत बोलावण्याविषयी काही मिळत नाही, तो सरळ शेवटच्या स्टेजच्या पानावर पोचतो. सांगायचं कुणाला, हेही ठरवून घ्यावं. आम्ही तीनच जणांना सांगितलं. शेजारी कळलं ते मावशीमुळे. मग 'आमच्या नणंदेच्या जावेला असंच झालं होतं' या गोष्टी सुरू झाल्या. त्या गोष्टींत ती जाऊ शेवटी कधीच बरी होत नाही, हे आपल्या लक्षात आलं असेलच!

आणि तारीख पुढे ढकलू नये. रात्रीतून धावत जाण्याची ही इमर्जन्सी नाही, पण 'लग्नसराई होऊ दे', 'गणपती उरकू दे' करत महिने घालवण्याचीही गोष्ट नाही. जाताना जुने फोटो, सीडी, सगळे रिपोर्ट बरोबर. कपडे दोन भागांतले, म्हणजे फक्त वरचे काढता येतील असे. बरोबर कुणीतरी हवेच. घाबरलेल्या माणसाला डॉक्टरांचे निम्मे वाक्य ऐकूच येत नाही, म्हणून दुसऱ्याने वहीत लिहून घ्यावे. आमच्या वहीत चार प्रश्न होते. नेमकं काय दिसलंय, गाठ की कण की नुसता फरक? आज कोणत्या टेस्ट होणार? रिपोर्ट कधी आणि तो समजावून कोण सांगणार? काही निघालं नाही तर पुढची तपासणी कधी? डॉक्टरांनी चारही प्रश्नांची उत्तरे न चिडता दिली.

"तू येऊ नकोस, तुझं सबमिशन आहे," असं आई म्हणालीच. मी बुधवारी संध्याकाळी स्वारगेटवरून एस.टी. पकडली. सबमिशन सरांना सांगून चार दिवस पुढे गेलं. सर काही बोलले नाहीत, फक्त फाइलवर सही करून म्हणाले, "जा, आणि काय झालं ते कळव." मुलांनो, विचारून बघा. आपण समजतो तेवढे सर कठोर नसतात.

स्टाफमधल्या एका मॅडमना मी हा लेख लिहितोय हे सांगितलं, तेव्हा त्यांनी आपला अनुभव नाव न घालता लिहायची परवानगी दिली. काही वर्षांपूर्वी त्यांनाही असंच परत बोलावलं होतं, आणि त्यांचा अलार्म खरा निघाला. गाठ एक सेंटिमीटरपेक्षा लहान होती, हाताला लागतही नव्हती. ऑपरेशन झालं, स्तन काढावा लागला नाही, मग रेडिएशन. आज त्या आपल्याला नेहमीसारख्याच ओरडतात. त्या म्हणाल्या, "शंभरात बारा आणि शंभरात आठ असलं गणित मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्या आठांतच असेन असं मला वाटलं असतं. मला उपयोग झाला तो पुढची पायरी कोणती हे माहीत असण्याचा. कळल्यावर निदान कामाला तरी लागता आलं." म्हणून सांगतो, आकडे सगळ्यांना धीर देतातच असं नाही. ज्यांना आकडे नको असतील त्यांना पायऱ्या सांगा.

आमच्या गुरुवारी ज्या जागेमुळे बोलावलं होतं तिथे जास्तीच्या फोटोंत काहीच उरलं नाही. पदरांची सावली होती. पण सोनोग्राफीत जवळच एक लहान, गुळगुळीत कडांची भरीव गाठ दिसली. फायब्रोॲडिनोमा असावा, म्हणजे निरुपद्रवी प्रकार, असं डॉक्टरांचं मत. नवीन रिपोर्टवर बाय-रॅड्स तीन. बाबांचा चेहरा पडला. "झिरोचे तीन झाले म्हणजे वाढलंच की!" डॉक्टरांसमोर मला हसू आवरेना. मग बाहेर चहा पिताना त्यांना पुन्हा सगळी रांग समजावली. शून्याचे तीन होणे म्हणजे राखीव निकाल लागणे.

तरी तीन हा आकडा विचित्र आहे, हे मान्य करायला हवे. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा काही नसते, म्हणून लगेच सुई लावत नाहीत. सहा महिन्यांनी, मग वर्षाने, मग दोन वर्षांनी पाहतात. गाठ तशीच राहिली तर वर्ग दोनमध्ये टाकून मोकळे. म्हणजे नऊ दिवसांच्या ऐवजी दोन वर्षांचे थांबणे. काही नाही निघाले म्हणून मन लगेच ताळ्यावर येते असेही नाही. डेन्मार्कमध्ये २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फॉल्स अलार्म अनुभवलेल्या बायकांच्या मनावर तीन वर्षांनंतरही परिणाम दिसला. "बघ, उगाच घाबरलीस" असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. दुसरा अभ्यास अमेरिकेतला, २०२४ चा, दहा लाखांहून जास्त बायकांचा. रिपोर्ट स्वच्छ आलेल्या शंभरातल्या ७७ जणी पुढच्या नेहमीच्या तपासणीला आल्या. 'काही महिन्यांनी पुन्हा दाखवा' असे सांगून शेवटी काही न निघालेल्यांतल्या मात्र ६१ च आल्या. एकदा पोळलेले माणूस पुन्हा त्या दारात जायला नको म्हणते, हे समजण्यासारखे आहे. पण ज्यांच्यावर लक्ष ठेवायला हवे त्याच गळतात.

आईची सहा महिन्यांची सोनोग्राफी झाली. गाठ होती तेवढीच, मिलिमीटरचाही फरक नाही. पुढची तारीख तिने कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लाल पेनाने लिहून ठेवली आहे. नेमकी माझ्या ओरलच्या आठवड्यात येते. या वेळी मावशी जाणार आहे बरोबर, वही घेऊन. आणि पावडर न लावता.